नाव विचारायचं नाही

मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

मी मार्च महिन्यापासून गुन्हेगार आहे आणि हे मला आज सकाळी साडेनऊ वाजता कळलं.

माझ्या 'चर' या इंटरनेट फोरमवर 'लोखंडी फावडं' नावाच्या सभासदाने वर्तमानपत्राचं कात्रण टाकलं. खाली लिहिलं, "मालक, वाचलंस का? आता तुझी काही धडगत नाही." ऑनलाइन सुरक्षेचा नवा कायदा. जिथे जिथे लोक इंटरनेटवर एकमेकांशी बोलतात, तिथल्या मालकाने आपल्याकडे कोणकोणते गुन्हे घडू शकतात याचा लेखी अंदाज करून ठेवायचा. मुदत मार्चमध्येच संपली. दंडाचा आकडा बघून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. तेवढ्या पैशांत आमचं गाव क्लब-चर्चसकट दोनदा विकत घेता येईल.

मला वाटत होतं, हे सगळं त्या बड्या कंपन्यांसाठी. 'चर' म्हणजे लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची जाड पांढऱ्या दांड्याची भाजी, लावणाऱ्या म्हाताऱ्यांचा फोरम. खाण बंद पडल्यावर मी शाळेत रखवालदार झालो, तिथून निवृत्त झालो आणि २००६ साली मुलीने जुना कॉम्प्युटर दिला म्हणून हा उद्योग मांडला. सभासद एकसष्ट, त्यातले बोलणारे चौदा. नियम एकच: नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. सप्टेंबरच्या प्रदर्शनाआधी कुणाची चांगली लीक कुठे वाढतेय हे फुटलं, की एका सकाळी वाफ्यात जाऊन बघावं तर दंडाएवढे पांढरे दांडे सुरीने उभे चिरलेले. मी स्वतः दोनदा बघितलंय. एकदा माझेच होते.

बायकोला सांगितलं. डोरीन म्हणाली, "तुरुंगात चहा कसा मिळतो ते विचारून ठेव. तुझे नखरे फार आहेत."

गुरुवार, १४ ऑगस्ट

फॉर्म छापून घेतला. सतरा प्रकारचे गुन्हे आहेत. दहशतवाद, फसवणूक, बंदुका, धमक्या. प्रत्येकासमोर लिहायचं: तुमच्याकडे याचा धोका कमी, मध्यम की जास्त.

दहशतवादाला कमी लिहिलं. पण धमक्यांपाशी अडलो. आमच्या खाणकामगारांच्या क्लबाच्या प्रदर्शनात मी बावीस वर्षं लीक मोजतो (माझी स्वतःची शेजारच्या गावच्या प्रदर्शनात लावतो). जेवढं भरलं तेवढंच लिहायचं, सख्ख्या भावाची लीक असली तरी केसभर जास्त नाही. (हे आपलं म्हणायची रीत. भाऊ आहे, पण त्याचं इथे काही नाही.) तेव्हा फॉर्मही तसाच भरायला हवा. जुन्या नोंदी चाळल्या. "तुझी लीक मी कापून सूप करीन" असं एकोणीस वर्षांत दोनशे अकरा वेळा म्हटलं गेलंय. "तुझ्या पाण्याच्या पिंपात मीठ टाकीन" चाळीस वेळा. एकाने दुसऱ्याला फावड्याने पुरण्याचं वचन दिलंय आणि खाली सहा जणांनी शाबासकी दिली आहे.

मी 'जास्त' असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

काळीमातीला मेसेज करून विचारलं. 'काळीमाती' हा फोरमवरचा माझा सगळ्यात जुना माणूस. फोरम सुरू केला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आला, तेव्हापासून आमचं रोज बोलणं. तो म्हणाला, "वेडा आहेस. ती चेष्टा आहे." मी म्हटलं, फॉर्मवर चेष्टेचा रकाना नाही. तो म्हणाला, "मग वाफ्यात जा आणि डोकं शांत कर. काजळीचं पाणी घातलंस का?"

काजळीचं पाणी त्यानेच शिकवलं. गोणपाटात धुराड्यातली काजळी बांधून पिंपात बुडवायची आणि त्यात रविवारचा उरलेला चहा ओतायचा, रविवारचाच. आमचे बाबाही अगदी असंच करायचे. खाणीवरचे सगळे बाप एका साच्यातले असावेत.

सोमवार, १८ ऑगस्ट

लायब्ररीत सोमवारी फुकट कायदेशीर सल्ला मिळतो. मिसेस बॅनिस्टर नावाच्या वकीलबाई बसतात, पन्नाशीच्या, लोकरीचा स्वेटर भर उन्हाळ्यात. त्यांनी फॉर्म वाचला. मधेच ओठ दाबून खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "मिस्टर हेसलप, तुमच्याकडे खरा धोका दिसत नाही. प्रामाणिकपणे अंदाज लिहा, तक्रारीसाठी एक पत्ता द्या, कागद जपून ठेवा. झालं."

"आणि सभासदांची नावं? वयाचे दाखले?"

"तुमच्यासारख्यांना त्याची गरज मला तरी वाटत नाही."

एवढं सोपं असतं तर कायदा कशाला केला असता? मला वाटतं बाईंना लीकची माहिती नाही. मी आभार मानून निघालो, पण समाधान झालं नाही.

बाहेर पडलो तर समोरून गॉर्डन. मी रस्ता ओलांडला. तो थांबून बघत राहिला असावा, मी वळून पाहिलं नाही. तीन वर्षांनी मोठा माझ्याहून. पंच्याऐंशीच्या जानेवारीत, खाणीच्या संपाच्या अकराव्या महिन्यात, दगडांच्या भीतीने खिडक्यांना जाळ्या लावलेल्या बसमध्ये बसून कामावर गेला. संप मिटायला फक्त पाच आठवडे राहिले होते. आम्ही फाटकाशी उभे होतो आणि बस माझ्यासमोरून गेली. गावाने त्याला वाळीत टाकलं, क्लबाचं दार बंद झालं आणि मी त्याच्याशी शेवटचं बोललो त्याला चाळीस वर्षं झाली. राहतो दोनच गल्ल्या पलीकडे.

डोरीनला हे मान्य नाही. त्याची बायको शीला दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये गेली, तेव्हा डोरीन एकटी गेली दफनाला. मी वाफ्यात थांबलो.

बुधवार, २० ऑगस्ट

सूचना टाकली. सगळ्यांनी २१ सप्टेंबरच्या आत खरं नाव, पत्ता आणि वयाचा पुरावा पाठवावा, नाहीतर खातं बंद. त्या दिवसानंतर कोणीच उरलं नाही तर फोरमही बंद.

लोखंडी फावडं म्हणालं, "म्हणजे एका कागदावर आमच्या सगळ्यांच्या वाफ्यांचे पत्ते? आणि तो कागद कुणाकडे? जो दर वर्षी आमच्या विरोधात लीक लावतो त्याच्याकडे?" चिखल्या म्हणाला, "वयाचा पुरावा म्हणून गुडघ्याचा एक्सरे चालेल का?" हे दोघे हसतायत. बाकीचे हसले नाहीत, गेले.

सोमवार, २५ ऑगस्ट

सुट्टीचा दिवस, म्हणून पाऊस. एकसष्टाचे अडतीस झाले. नाव फक्त एकाने पाठवलं, आणि त्याने ते आपल्या पाळीव बदकाचं पाठवलंय.

एका संकेतस्थळावर चेहरा बघून वय ओळखणारं यंत्र आहे असं ऐकलं, ते करून बघितलं. कॅमेऱ्यासमोर मान डावीकडे, मान उजवीकडे. यंत्र म्हणालं, मी अठराच्या वरचा असल्याची खात्री देता येत नाही, पुन्हा प्रयत्न करा. डोरीन खुर्चीवरून पडायची राहिली. "खिडकीतला उजेड टकलावर पडतोय रे, त्याला वाटलं तान्हं बाळ आहे!"

काळीमातीने अजून काही पाठवलं नाही. तो पाठवेल. त्याच्यामुळे तर फोरम चालवतो मी. हे आधी कधी लिहिलं नव्हतं, पण खरं आहे. माझं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तो रोज सकाळी विचारायचा. त्याची बायको गेली, तेही दोन वर्षांपूर्वीच्या शरदातच, तेव्हा मी महिनाभर त्याला रोज लिहीत होतो. मला फार बोलायला येत नाही. लिहायचो, आज वाफ्यात काय केलं, पाऊस किती झाला. तो म्हणाला होता, तुझं ते पावसाचं वाचून मी सकाळी उठतो.

रविवार, ३१ ऑगस्ट

काळीमातीचा मेसेज. जसाच्या तसा उतरवून ठेवतो:

"मालक, फॉर्म भर, जे करायचं ते कर, पण माझं नाव मागू नकोस. नाव कळलं तर तू माझ्याशी बोलणार नाहीस. मला आता या वयात ते झेपणार नाही."

दहा वेळा वाचला. काय अर्थ याचा? असं कोणतं नाव आहे की ते कळल्यावर मी बोलणार नाही? डोरीनला वाचून दाखवलं. ती भांडी पुसत होती, हातातली बशी तशीच धरून उभी राहिली.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय? काहीतरी काळंबेरं आहे. तुरुंगात जाऊन आला असेल."

"तुला दुसरं काहीच सुचत नाही?"

"दुसरं काय सुचायचं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि बशी इतकी जोरात ठेवली की तिचा टवका उडाला. लग्नातली बशी. बायकांचं काही कळत नाही.

शनिवार, ६ सप्टेंबर

मला उलगडलं! म्हणजे उलगडलं असं वाटतंय. २०११ साली क्लबातल्या तिघांची लीक चिरली होती, त्यात माझी. चोर सापडला नाही. काळीमाती तोच असणार. म्हणून नाव सांगत नाही. जो माणूस मला काजळीचं पाणी शिकवतो तोच माझी लीक चिरतो? जुळत नाही, पण दुसरं काय जुळतंय?

रागाच्या भरात लिहिलं: "तू सुरीवाला आहेस का? खरं सांग, नाहीतर आजच खातं पुसतो."

संध्याकाळच्या चहाआधी उत्तर आलं.

"तुझी लीक चिरली त्या दिवशी मला तुझ्याइतकंच वाईट वाटलं होतं. मी सुरीवाला नाही. पण एकदा माझ्या हातून त्याहून वाईट झालं होतं. घरात तान्ही पोर होती, शेगडीत कोळसा नव्हता, तिच्या छातीत कफ झाला होता. त्यावर मी जास्त बोलणार नाही. तुमच्या क्लबाचं प्रदर्शन यंदापासून बाहेरच्यांना खुलं केलंय ना? मी माझी जोडी आणतो. दोन्ही लीकना लाल लोकर बांधलेली असेल. तूच मोज. मग नाव विचार."

प्रदर्शन खुलं झालंय हे खरं, सभासद आटले म्हणून. पण माझा क्लब कोणता हे मी त्याला कधी सांगितलं? एकोणीस वर्षांत गावाचं नाव एकदाही लिहिलं नाही. खातं पुसलं नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर

सभासद एकवीस. डोरीन दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलते. आज एवढंच म्हणाली, "शनिवारी निळा शर्ट घाल. तो बरा दिसतो तुला."

शनिवार, २० सप्टेंबर

आजचं सगळं क्रमाने लिहून काढतो.

सकाळी आठला क्लबात. टेबलावर एकोणीस जोड्या, प्रत्येकीसमोर फक्त क्रमांक, नावाची चिठ्ठी पालथी. मोजणाऱ्याला नाव दिसता कामा नये. अकरा क्रमांकाला लाल लोकर बांधलेली. मी फीत लावली आणि थांबलो. दांड्याला खाली किंचित फुगवटा, पानांच्या कडा निळसर. हे बाबांचं वाण. बाबा गेले तेव्हा त्यांच्या बागेतली सगळी रोपं गॉर्डनने नेली होती. आमच्या भांडणाच्या आधीची गोष्ट. मी ते वाण चाळीस वर्षांत हातात धरलं नव्हतं. मुळांना वास तोच, ओल्या काजळीचा.

मग माझ्या ध्यानात आलं. काळीमाती गॉर्डनकडून रोपं नेत असणार! फितुराशी घरोबा ठेवलाय, म्हणूनच नाव लपवत होता. एवढंच होतं तर! मला हायसं वाटलं. याच्यासाठी मी माझा मित्र तोडणार नव्हतो. मी नीट मोजलं, तिसरा क्रमांक बसत होता, तिसराच लिहिला.

दुपारी दोनला दार उघडलं. मी निळ्या शर्टात अकरा क्रमांकापाशी उभा राहिलो. येणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होतो. उंच असेल असं मला का कोण जाणे वाटायचं. अडीच झाले. मग सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या, बघतो तर गॉर्डन. चाळीस वर्षांनी क्लबात. अंगात दफनाला घालतात तसला कोट. कोणी अडवलं नाही. अडवणारे बरेचसे मेलेत. तो सरळ आला आणि माझ्याच टेबलापाशी, माझ्यापासून दोन हातांवर उभा राहिला.

मला इतका राग आला! आजच, इथेच याला उभं राहायचं होतं? काळीमाती आला आणि मला याच्या शेजारी बघितलं तर काय वाटेल त्याला?

"नेव्ह," तो म्हणाला.

मी पाठ फिरवली. बारवर जाऊन उभा राहिलो. वळून बघितलं तेव्हा तो लाल लोकरीशी काहीतरी करत होता, गाठ सोडत होता की बांधत होता कळलं नाही. चार वाजता चिठ्ठ्या उलटायला सुरुवात झाली, पण मला तो माणूस असलेल्या खोलीत थांबायचं नव्हतं. घरी आलो. काळीमाती आला नाही. किंवा आला असेल आणि गॉर्डनला बघून परत गेला असेल.

डोरीन सहाला आली. डोळे लाल. पिशवीत एक लीक, लोकरीसकट.

"कुणी दिली?"

"ज्याची होती त्याने. एक तुला, एक त्याला." कोट न काढताच ती वर गेली.

कॉम्प्युटर लावून काळीमातीला लिहिलं: "मी दोन तास थांबलो. तू आला नाहीस."

उत्तर लगेच आलं. तो वाटच बघत असावा.

"आलो होतो, नेव्ह."

रविवार, २१ सप्टेंबर

काल पुढे लिहिलं नाही.

फोरमवर माझं नाव कोणालाही माहीत नाही. मला सगळे नेव्हिल म्हणतात, डोरीनसुद्धा. नेव्ह म्हणणारी तीन माणसं होती आणि त्यातली दोन चर्चमागच्या दफनभूमीत आहेत.

सकाळी डोरीनला विचारलं, "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"शीलाच्या दफनापासून. लिहिण्यावरून त्याने तुला केव्हाच ओळखलं होतं. तो म्हणाला, नेव्ह मला रोज पावसाचं लिहितो. मला वाटलं, तुम्ही दोघे बोलायला लागलात. घरी येऊन बघते तर तुला पत्ताच नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू लिहायचं थांबला असतास. त्या महिन्यात तो कसा जगला असता?"

ती खरं बोलत होती. मी थांबलो असतो, दुसऱ्याच दिवशी. संपाचा राग अजून तसाच आहे, तो कुठे गेलेला नाही. ती बस अजून माझ्यासमोरून जाते. आणि त्या माणसाशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाबद्दल कशा खऱ्या असतील ते मला समजत नाही, कालपासून घोकतोय.

दहा वाजता फॉर्म नव्याने भरायला घेतला. धमक्या: कमी. ती चेष्टा आहे, असं मी स्वतः रकाना आखून लिहिलं. सूचना काढून टाकली. नावं नकोत, पत्ते नकोत, नियम जुनाच. गेलेल्यांपैकी चिखल्या तासाभरात परत आला, आणि बदकाचं नाव पाठवणाराही.

एक प्रश्न राहिला होता. सभासदांपैकी कोणाला दुसऱ्याकडून मानसिक त्रास पोचण्याची शक्यता आहे का. असल्यास कोणाला, कोणाकडून, किती काळ. मागच्या वेळी तिथे 'नाही' लिहिलं होतं.

जेवढं भरेल तेवढंच लिहायचं. मी लिहिलं: आहे. काळीमातीला. मालकाकडून. चाळीस वर्षं.

मग किटली बघितली. सकाळचा चहा अर्धा उरला होता, आणि आज रविवार. सिंकमध्ये ओतायला उचलली आणि ओतली नाही. दुधाची जुनी बाटली धुऊन त्यात भरला. दोन गल्ल्या आहेत. पिंप मागच्या अंगणात असेल, बाबांचं तिथेच असायचं. दार उघडल्यावर काय बोलायचं ते अजिबात माहीत नाही, कदाचित पावसाचं.

डोरीन दारात माझा कोट धरून उभी आहे. "लिहिणं पुरे झालं," म्हणते. "आणि झाकण घट्ट लाव, सांडेल."